कुठल्या देशांची नाणी वगळावीत?

जगभरची नाणी जमवायला निघालेल्या माणसाला फार दिवस जायच्या आतच कळून चुकतं की सगळं ठेवता येणार नाही. मग काय हवं यापेक्षा काय नको याची यादी आधी तयार होते. मुरलेल्या संग्राहकांच्या तोंडी बहुधा तीच नावं येतात: निउए, कुक बेटं, तुवालु, पलाउ, लायबेरिया, सोमालिया. त्यानंतर चीनचे चांदीचे डॉलर. कुणी जस्ताच्या नाण्यांना हात लावत नाही, कुणी साल वाचता येत नाही म्हणून अख्खी लिपीच सोडून देतो. नावं एका यादीत बसली तरी त्यामागची कारणं निरनिराळी आहेत, आणि काही तर अगदीच तकलादू आहेत.

सगळ्यात जोरात बोललं जातं ते पॅसिफिकमधल्या बेटांबद्दल. निउएची लोकसंख्या 2,000 च्या आत. तिथले व्यवहार चालतात न्यूझीलंडच्या डॉलरवर. तरीही निउएच्या नावाने स्टार वॉर्स आणि डिस्नेच्या पात्रांची चांदीची नाणी निघत राहतात. देश आपलं नाव वापरायला देऊन त्याचा मोबदला घेतो, टांकसाळ दुसऱ्या देशात, गिऱ्हाईक तिसऱ्या देशात. नाण्यावर रक्कम छापलेली असते, पण त्या बेटावर त्याने कुणी पाव विकत घेतलेला नसतो. पलाउत अमेरिकी डॉलर चालतो. त्या देशाच्या नावाने 2007 मध्ये फ्रान्समधल्या लूर्द या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या पाण्याचा थेंब बसवलेलं नाणं निघालं. सोमालियाने 2004 मध्ये गिटारच्या आकाराची नाणी काढली. तेव्हा तो देश यादवीत होरपळत होता, हे आठवलं की ती गिटार हातात धरवत नाही. निदान मला तरी.

म्हणून हे देशच बाद करायचे का? इथे घाई नडते. तुवालु घ्या. त्या देशाने 1976 मध्ये स्वतःची नाणी काढली आणि ऑस्ट्रेलियन नाण्यांच्या बरोबरीने ती खरोखर वापरात आली. 20 सेंटवर उडता मासा, 50 सेंटवर ऑक्टोपस, एक डॉलरवर समुद्री कासव. साधी, देखणी, हाताळून झिजलेली. त्याच तुवालुच्या नावाने ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या टांकसाळीतून ‘सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेची पात्रं असलेली चांदीची नाणीही बाहेर पडतात. देश तोच, पण पहिलं मी नक्की घेईन आणि दुसरं फुकट मिळालं तरच ठेवीन. कुक बेटांचंही तसंच: त्यांचं दोन डॉलरचं त्रिकोणी नाणं तिथे दुकानात चालतं आणि कुठल्याही संग्रहात शोभतं. पनामाची रोजची नाणी अमेरिकी नाण्यांच्याच मापाची, त्यांच्यासोबत खिशात खुळखुळणारी; पण 1971 पासूनचं फ्रँकलिन मिंट या अमेरिकेतल्या खाजगी टांकसाळीने पाडलेलं 20 बाल्बोआंचं (बाल्बोआ म्हणजे पनामाचं चलन) चांदीचं धूड जवळजवळ 130 ग्रॅम भरतं. ते कोण खिशात घेऊन फिरणार?

तेव्हा या गटात देशाच्या नावावर फुली मारू नका, विशिष्ट मालिकेवर मारा. न्युमिस्टासारख्या इंटरनेटवरच्या नाणेसूचीत नाणं चलनातलं की केवळ संग्राहकांसाठी पाडलेलं, हे नोंदवलेलं असतं. तेवढं बघितलं तरी अर्धं काम होतं. सोमालियाचे हत्ती छाप चांदीचे तुकडे मात्र वेगळ्या हिशेबाचे. ते जर्मनीतल्या बव्हेरियाच्या टांकसाळीत पाडले जातात आणि घेणारा बहुतेक वेळा चांदी म्हणूनच घेतो. चांदीच्या भावावर किती जास्तीचे मोजतोय एवढंच तिथे पाहायचं.

दुसरा गट नकली नाण्यांच्या भीतीचा, आणि ही भीती रास्त आहे. चीनचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष युआन शिकाई यांचा चेहरा असलेला चिनी डॉलर, ज्याला संग्राहक लाडाने ‘जाड्या’ म्हणतात, तो 1914 पासून पाडला गेला. आज त्याच्या नकलांचा इतका सुळसुळाट आहे की अनोळखी विक्रेत्याकडचा ‘जाड्या’ खोटा आहे असं धरूनच चालावं. अस्सल नाणं साधारण 26.7 ग्रॅमचं. वजन चुकलं तर विषय संपला. पण वजन जुळलं म्हणून ते खरं ठरत नाही, कारण चांगल्या नकलेत वजनही जुळवलेलं असतं. मग कडेवरच्या रेघा, अक्षरांचे कोपरे, पाण्यात तोलून काढलेली घनता, हे सगळं तपासावं लागतं. एवढं करूनही शंका उरली तर नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या कंपनीने डब्यात सीलबंद केलेलंच घ्यावं. त्या सीलबंद डब्याचीही नक्कल होते, तेव्हा त्यावरचा क्रमांक कंपनीच्या नोंदीत तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आशियाशी व्यापारासाठी पाडलेल्या अमेरिकी ट्रेड डॉलरचं (27.22 ग्रॅम) दुखणंही हेच.

याच्या शेजारी ऑस्ट्रियाचा मारिया थेरेसा थेलर, म्हणजे त्या राणीचा चेहरा असलेलं चांदीचं मोठं नाणं, ठेवून बघा. राणी 1780 मध्ये वारली, आणि तेच साल घालून तो थेलर आजतागायत पाडला जातोय. व्हिएन्नात तर पाडलाच, शिवाय लंडन, रोम, मुंबई, बर्मिंगहॅम इथेही, कारण तांबड्या समुद्राच्या आसपासचे व्यापारी दुसरं नाणं घ्यायला तयार नसत. 28 ग्रॅमच्या वर वजन, 833 कसाची (हजारात 833 भाग शुद्ध) चांदी. याला खोटा म्हणता येत नाही, पण अठराव्या शतकातला म्हणून विकला तर ती फसवणूकच. नवख्याला पैसे गुंतवायचेच असतील तर मी ‘जाड्या’पेक्षा थेलर सुचवेन, फक्त नव्या थेलरची किंमत देऊन.

जस्ताबद्दलचा राग मला समजतो, पण पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात तांबं आणि निकेल युद्धाला लागत होतं, म्हणून जर्मनव्याप्त नेदरलँड्स, बेल्जियम, डेन्मार्कमध्ये जस्ताची नाणी आली. डच 10 सेंटवरची राणी विल्हेल्मिना गेली आणि ट्युलिप आले. व्याप्त देशाचं चित्र इतक्या स्वस्तात दुसरीकडे क्वचितच मिळतं. अडचण आहे ती टिकण्याची. माझं असंच एक नाणं लाकडी खणात राहिलं आणि पावडर लावल्यासारखं पांढरं पडलं. लाकडातून सुटणारी आम्लाची वाफ जस्ताला खाते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. नाण्यासाठी प्लॅस्टिकची बंद डबी (कॅप्सूल) आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवायची तयारी नसेल तर मात्र जस्त नकोच.

लिपीची सबब तर टिकतच नाही. थायलंडच्या सालातून 543 वजा करा, नेपाळच्या सालातून 57, आणि नेपाळी नाणं तर आपल्याला सरळ वाचताच येतं. जपानी शोवा सालात (सम्राट हिरोहितोच्या राजवटीची कालगणना) 1925 मिळवा. दोन-चार दिवसांत हे तोंडपाठ होतं. उलट बाकीचे कंटाळून सोडून देतात, म्हणून ही नाणी स्वस्त पडतात.

युरोच्या छोट्या राज्यांबद्दल फार बोलायला नको. मोनॅकोची राणी झालेल्या हॉलिवूडच्या नटीचं, ग्रेस केलीचं, 2007 चं दोन युरोचं नाणं 20,001 च निघालं, आणि त्यापायी अनेकांचा संच कायमचा अपुरा राहिला. मोनॅको आधीच वगळून टाकलं की झोप नीट लागते.

जिथे मी बिनशर्त नाही म्हणतो ती इराक आणि सीरियातून निघालेली, कागदपत्रं नसलेली प्राचीन नाणी. इराकमधून 6 ऑगस्ट 1990 नंतर आणि सीरियातून 15 मार्च 2011 नंतर बेकायदा बाहेर गेलेल्या पुरातन वस्तूंच्या व्यापारावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 2015 मध्ये बंदी घातली. सायप्रस, इटली, चीनच्या काही प्राचीन नाण्यांवर अमेरिकेत आयातीचे निर्बंध आहेत. विक्रेत्याला जुनी पावती मागा. ‘आजोबांच्या पेटीत सापडलं’ एवढंच उत्तर आलं तर नाणं परत त्याच्या हातात द्या.