ज्यूटचं मल्चिंग: वांग्याच्या एका हंगामानंतर

नोव्हेंबरात वांग्याची लावण करताना मल्चिंग, म्हणजे तण दाबायला आणि ओल टिकवायला मातीवर घालायचं आच्छादन, दोन तऱ्हेचं केलं: निम्म्या बेडवर नेहमीचं सिल्व्हर-ब्लॅक प्लॅस्टिक आणि निम्म्या बेडवर ज्यूटचं नॉनवोव्हन, म्हणजे न विणलेलं कापड, अंथरलं. रान हातकणंगले तालुक्यातलं, काळं, ठिबकवर. आता पाऊस लागलाय, वांगी उपटून झालीत, म्हणून सविस्तर लिहितो. ही वस्तू विकणारे सगळे ‘कुजतं, पर्यावरणाला चांगलं’ एवढंच सांगतात. कुजतं हे खरंच आहे. पण कधी कुजतं, हे कुणी धड सांगत नाही, आणि शेतकऱ्याला नेमकं तेच कळायला हवं असतं.

आधी माल कसा आहे ते. धाकट्या भावाचे इचलकरंजीत माग आहेत, त्यामुळे कापड हातात आलं की आधी जीएसएम विचारायची खोड आहे. जीएसएम म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. हे ५०० चं होतं. यात ताणा-बाणा नसतो. ज्यूटच्या तंतूंचा थर पसरून त्यात काटेरी सुया खालीवर मारतात, तंतू एकमेकांत गुंततात आणि जाड पट्टा तयार होतो. नीडल-पंच म्हणतात याला. त्याचा फायदा भोकं पाडताना कळला. कात्रीनं फुली मारली तरी कडेचा धागा सुटत नाही. गोणपाट असतं तर रोप मोठं होईतो भोक हातभर उसवलं असतं.

वजन मात्र घाम काढतं. १.२ मीटर रुंद, ४०० मीटर लांब, २५ मायक्रॉनचा प्लॅस्टिकचा रोल भरतो साधारण ११ किलो. एक गडी खांद्यावर टाकून बांधावरनं नेतो. तेवढीच जागा झाकायला हे ज्यूट लागतं २४० किलो! म्हणजे छोटा हत्ती आला, त्याचं भाडं आलं, उतरवायला माणसं आली. दराचं तर बोलूच नका, प्लॅस्टिकच्या कितीतरी पट. अंथरायला आलेल्या बायका हसत होत्या, “दादा, पोतीच हंतरलीया की वो सगळ्या रानात!”

हिवाळ्यात दोन्हीकडच्या झाडांत मला फारसा फरक दिसला नाही. खरा फरक एप्रिलात. दुपारी प्लॅस्टिकला हात लावला तर चटका बसायचा. ज्यूटची कड उचलून खाली हात घातला तर माती गार, ओलसर आणि गांडुळांची विष्ठा दिसायची. ठिबक तिकडे कमी वेळ चालवूनही भागलं. वळीव आला तेव्हा प्लॅस्टिकवरचं पाणी सरीत उतरून वाहून गेलं, ज्यूटनं ते जिरवलं. ज्यांच्या विहिरीला मे महिन्यात तळ दिसतो, त्यांच्यासाठी ही एकच गोष्ट मोठी आहे.

तणाचं म्हणाल तर घोळ, तांदुळजा वगैरे दोन्हींखाली मेलं. लव्हाळा दोन्हींतून वर आला. लव्हाळ्याला प्लॅस्टिकही अडवत नाही, तिथं ज्यूट काय करणार?

फुलकिडे आणि मावा यांच्या बाबतीत मात्र प्लॅस्टिक सरळ जिंकलं. चंदेरी बाजूवरून परतणाऱ्या उजेडानं हे किडे बिचकतात, कोवळ्या झाडावर कमी बसतात. तपकिरी ज्यूटला ते जमत नाही. वांग्याचं निभावलं, पण मिरचीवाल्यांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा. मिरचीत फुलकिड्यांमागून बोकड्या, म्हणजे पानं आकसण्याचा रोग, आला की मल्चिंगमुळे वाचलेला पैसा फवारणीत जातो.

आता कुजण्याचं. मला वाटलं होतं, उन्हात असलेला वरचा भाग आधी जाईल. झालं उलटं. वरचा भाग नुसता राखाडी पडला, पण ताकद राहिली. आधी गेल्या त्या मातीत दाबलेल्या कडा आणि ड्रीपरखालचे गोल. जिथं कायम ओल, तिथं जंतूंचं काम जोरात. मे महिन्यात कड ओढली की पट्टा हातात तुटून यायचा, आणि वळवाच्या वाऱ्यानं दोन बेड अख्खे उघडे पडले. त्यानंतर कडा मातीत न गाडता वरून बांबूच्या खुंट्या ठोकल्या, ते टिकलं. बांधाकडच्या एका बेडला वाळवी लागली, तिथं तर जाळीच उरली.

त्याच वेळी बांधावरच्या आंब्याच्या रोपांभोवती काथ्याच्या चकत्या घातल्या होत्या. त्या अजून जवळपास तशाच आहेत. कारण लिग्निन. लाकडाला कडकपणा देणारा हा घटक जंतूंना सहज पचत नाही. काथ्यात तो ४० टक्क्यांच्या वर असतो, ज्यूटमध्ये साधारण १२ ते १४ टक्के. म्हणून काथ्या फळझाडाला, ज्यूट एका हंगामाच्या पिकाला. दोन्ही ‘कुजणारे’च, पण एकाच्या जागी दुसरं घेतलं तर पैसे पाण्यात.

दुकानदारानं मक्यापासून बनणाऱ्या पीएलए नावाच्या प्लॅस्टिकचाही आग्रह केला होता. तेही कुजतं, पण नीट कुजायला ६० अंशांच्या आसपास तापणारा कंपोस्टचा ढीग लागतो. वांग्याच्या बेडखाली ६० अंश कुठून आणायचे?

रोपं लहान असताना वरून १७ जीएसएमचं पॉलिप्रॉपिलीनचं, म्हणजे प्लॅस्टिकच्याच तंतूंचं, क्रॉप कव्हर टाकलं होतं. पांढऱ्या माशीला छान अडवलं. पण त्याच तुकड्यांनी उन्हाळ्यात दुसरी लावण झाकली तर कापड चुरायला लागलं. अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. कापड विरतं, कुजत नाही. बारीक पांढरे कपटे अजून मातीत सापडतात. घेताना यूव्ही-स्टॅबिलाइज्ड, म्हणजे हे किरण सोसणारं, आहे का, हे तोंडी विचारू नका, बिलावर लिहून घ्या.

शेवटी काढणी. प्लॅस्टिक गोळा करायला मजूर लागले, तरी तुकडे राहिलेच. ज्यूटवर थेट रोटाव्हेटर फिरवला. तंतू कुजवणारे जंतू मातीतलं नत्र ओढतात, म्हणून पुढच्या पिकाला थोडं नत्र वाढवून देणार आहे. “फुकटचं पाचट असताना एवढा खर्च कशाला?” असं शेजारचे काका विचारतात. उसाच्या खोडव्यात त्यांचं बरोबर आहे, मीही पाचट जाळत नाही. पण बेडवरचं पाचट वाऱ्यानं उडतं आणि त्यात उंदीर होतात.

एक गोष्ट खटकते. २०२० साली केंद्रानं तांत्रिक वस्त्रांसाठी, म्हणजे अंगावर घालायच्या नव्हे तर अशा कामाच्या कापडांसाठी, १,४८० कोटींचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं. नॉनवोव्हनचं उत्कृष्टता केंद्र आमच्या इचलकरंजीत, डीकेटीई कॉलेजमध्ये आहे, शेतीच्या कापडांचं मुंबईत सास्मिरा या वस्त्र-संशोधन संस्थेत. आणि माझा रोल आला कोलकात्याहून!

पुढच्या हंगामात मिरचीला प्लॅस्टिकच. वांग्याला ज्यूट, पण कडा वर ठेवून आणि वाळवीचा बेड सोडून. शिवाय एका पट्ट्यावर लोकर बघायचीय. पट्टणकोडोलीकडच्या धनगर मंडळींकडं दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर असते, घोंगड्या सोडल्या तर तिला गिऱ्हाईक कमी. लोकरीत १६ टक्क्यांच्या आसपास नत्र असतं, म्हणजे कुजताना ती नत्र ओढण्याऐवजी देईल असा माझा हिशेब आहे. छोटा लॉट जॉबवर नीडल-पंच करून देणारं युनिट कुणाला माहीत असेल तर कळवा. लोकर धुऊन, पिंजून आणायची जबाबदारी माझी.