ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल १ नकाशा : पीक डिस्ट्रिक्टमध्ये काही महिने वापरल्यानंतर

इंग्लंडमधल्या शेफील्डहून रेल्वेने पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानातल्या ईडेलला उतरून चालायला निघण्याचा आमचा परिपाठ जुना आहे. मात्र ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा, डार्क पीक या तिथल्या उत्तरेकडच्या उंच भागाचा हा ओएल १ क्रमांकाचा कागदी नकाशा वसंत ऋतूपासून माझ्या सॅकमध्ये आहे. त्याचे प्रमाण १:२५,००० आहे, म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर चार सेंटिमीटर भरतो. या प्रमाणाचे मोल शेतांतून चालताना कळते, कारण शेतांच्या हद्दीवरचे दगडी गडगे यात बारीक काळ्या रेषांनी दाखवलेले असतात आणि ‘तिसरा गडगा ओलांडून ओढ्याच्या काठाने वर’ असा हिशेब धरता येतो. १:५०,००० च्या नकाशात हे गडगे नसतात. सह्याद्रीत वाट विचारायला एखादा गुराखी तरी भेटतो. येथे बहुधा मेंढ्याच असतात.

नवख्याने सर्वांत आधी रंग समजून घ्यावेत. हिरवी तुटक रेषा सार्वजनिक वहिवाटीचा हक्क सांगते, पायाखाली मळलेली वाट असेलच असे नाही. काळी तुटक रेषा प्रत्यक्षातली वाट दाखवते, पण तेवढ्याने तिच्यावरून जाण्याचा हक्क सिद्ध होत नाही. फिकट पिवळसर छटेच्या माळरानावर मात्र २००० सालच्या कायद्यानुसार वाट सोडूनही पायी फिरता येते. डार्क पीकमधल्या ज्या किंडर स्काउट डोंगरावर १९३२ मध्ये शेकडो लोक जमीनमालकांची प्रवेशबंदी झुगारून चढले होते, तो आता याच छटेत आहे.

किंडरचा माथा ६३६ मीटर उंच, पण जवळजवळ सपाट असल्यामुळे तेथे समोच्च रेषा विरळ आहेत. धुके उतरले की काळ्या चिखलाच्या घळी सारख्याच दिसू लागतात आणि नकाशाला होकायंत्राची जोड लागतेच. नकाशासोबतच्या सांकेतिक क्रमांकाने तो मोबाइलवरही उतरवता येतो. आपण नेमके कुठे आहोत हे पाहायला ती सोय उत्तम आहे, पण थंडीत बॅटरी भराभर उतरते आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही.

कागद घडीवर झिजतो, विशेषतः चार घड्या मिळतात त्या कोपऱ्यांवर. त्यासाठी वेगळे घेतलेले प्लॅस्टिकचे पाकीट आतून धूसर होऊन निरुपयोगी ठरले. लॅमिनेट केलेली आवृत्ती जड आहे आणि वाऱ्यात घडी घालताना हट्टीपणा करते. तरीही ज्यांना हिवाळ्यात माथ्यावर जायचे आहे त्यांनी तीच घ्यावी. डव्हडेलसारख्या खालच्या दऱ्यांपुरते फिरणाऱ्यांना ओएल २४ या दक्षिणेकडच्या भागाच्या नकाशाची साधी कागदी प्रत पुरते.