जुने मत खोडू न देणारे वाचनालय

सोलापूरच्या नवी पेठेत, शिलाईचे सामान विकणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर असलेल्या खासगी वाचनालयाची मी जुलै 1988 पासून सभासद आहे. वाचनालयाचे नाव येथे मुद्दाम लिहिलेले नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि मालकांशी इतक्या वर्षांचा घरोबा असताना ती नावानिशी जगजाहीर करणे मला प्रशस्त वाटत नाही. पेठेतल्या कोणत्याही जुन्या वाचकाला विचारले, तर तो जिना दाखवील. जिना अरुंद आणि चढा आहे, वर एकच मोठी खोली आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत त्या पत्र्याखाली पाच मिनिटांपेक्षा अधिक काळ पुस्तक चाळत उभे राहणे शक्य होत नाही. तेथील दोन पंख्यांपैकी एक मालकांच्या टेबलावर वारा घालतो आणि दुसरा नियतकालिकांची पाने उडवतो.

व्यवहार सरळ आहे. अनामत 500 रुपये आणि मासिक वर्गणी 120 रुपये भरल्यावर एका वेळी दोन पुस्तके पंधरा दिवसांसाठी मिळतात. मासिकांची वर्गणी वेगळी असते आणि दिवाळी अंकांची योजना दिवाळीपासून मार्चअखेरपर्यंत चालते. उशिराचा दंड नाममात्र आहे, तोही मालकांच्या सुनेच्या हाती कारभार आल्यापासून काटेकोरपणे घेतला जातो. थोरले मालक बसत असत तेव्हा तो बहुधा माफ होई. वाचनालय सकाळी नऊ ते साडेबारा आणि सायंकाळी पाच ते साडेआठ उघडे असते. सोमवारी सुट्टी असते आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत, संक्रांतीच्या आसपास, ते केव्हा उघडेल हे कोणीच सांगू शकत नाही.

इतके सारे शहरातल्या इतर वाचनालयांतही मिळते. किंबहुना काही ठिकाणी याहून स्वस्त मिळते आणि पुस्तकेही अधिक असतात. हे वाचनालय सोडून मी कोठे गेले नाही, याचे कारण प्रत्येक पुस्तकाच्या मलपृष्ठाच्या आत डकवलेला एक कागद आहे. तारखांची चिठ्ठी असते तिच्या समोरच्या बाजूस हा आखीव कागद असतो आणि त्याला येथे 'अभिप्रायपत्र' म्हणतात. त्यावर तारीख, सभासद क्रमांक आणि फार तर तीन ओळींचा अभिप्राय लिहायचा असतो. नाव लिहायचे नसते, कथेचा शेवट फोडायचा नसतो आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, पूर्वी लिहिलेले मत खोडायचे नसते. पुस्तक पुन्हा नेले आणि मत बदलले, तर खाली नव्या तारखेने नवे मत लिहावे लागते. थोरल्या मालकांनी हा नियम का केला, हे मी त्यांना एकदा विचारले होते. त्यावर ते एवढेच म्हणाले होते, "लोक आदल्या वर्षी काय बोलले ते विसरतात ओ बाई, आणि वर भांडायला येतात."

माझा सभासद क्रमांक 214 आहे. शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय'च्या येथील जुन्या प्रतीत या क्रमांकापुढे तीन नोंदी आहेत आणि या वाचनालयाचे मोल सांगायला त्या पुरेशा आहेत. पहिली नोंद 1988 मधील, मी सतरा वर्षांची असतानाची आहे. निळ्या शाईत, गोल अक्षरांत मी लिहिले आहे की कर्णावर साऱ्या जगाने अन्याय केला आणि रात्री दीड वाजता पुस्तक संपवून मी रडले. त्या काळी आमच्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक मुलीचे हेच मत होते आणि अर्जुनाच्या बाजूने बोलणारी एकही मैत्रीण मला आठवत नाही.

दुसरी नोंद 2003 मधील आहे. मधल्या काळात मी इरावती कर्वे यांचे 'युगान्त' वाचले होते. ही दोन्ही पुस्तके 1967 या एकाच वर्षी प्रसिद्ध झाली, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. एकाने कर्णाला नायक करून त्याच्या मुखाने कथा सांगावी आणि दुसऱ्याने महाभारतातील सर्वच माणसांना चौथऱ्यावरून खाली उतरवून तपासावे, हा योगायोग मला आजही नवलाचा वाटतो. महाभारतातील द्यूतसभेत द्रौपदीची वस्त्रे उतरवायला सांगणारा कर्णच आहे आणि घोषयात्रेच्या प्रसंगी गंधर्वांसमोर रण सोडून जाणाराही तोच आहे. हे ध्यानात ठेवून मी 'मृत्युंजय' पुन्हा नेले आणि परत करताना लिहिले, "या कादंबरीत कर्ण, कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण आणि कृष्ण असे सहा जण आपापली बाजू सांगतात. द्रौपदी एकदाही बोलत नाही. पहिल्या वेळी हे माझ्या लक्षातच आले नाही." नोंदीखालच्या अक्षराचा राग आजही दिसतो, कारण शेवटच्या पूर्णविरामाने कागदाला भोक पडले आहे.

तिसरी नोंद 2022 मधील आहे आणि ती सर्वांत लहान आहे: "या वेळी शोण आवडला." थोरल्या भावाच्या रथामागे धावणारा धाकटा भाऊ मी दोन वाचनांत जवळजवळ ओलांडून गेले होते. दरम्यान माझ्या धाकट्या भावाने आमच्या वडिलांचे शेवटच्या आजारपणातले सारे केले होते आणि मी, थोरली आणि शिकलेली, शनिवार-रविवार जाऊन येत होते. हे अर्थात अभिप्रायपत्रावर लिहिलेले नाही. तीन ओळींची मर्यादा असते. कर्णावरचा माझा रागही या वेळी उतरला होता, मात्र सतराव्या वर्षीचे प्रेम परत आले नाही.

या तीन नोंदींच्या आगेमागे इतर सभासदांची मतेही आहेत आणि ती वाचताना पुष्कळदा पुस्तकाइतकाच वेळ जातो. एका सभासदाने 1994 मध्ये ही कादंबरी 'फार फुलवलेली' म्हणून निकालात काढली आहे आणि त्याच क्रमांकाने 2016 मध्ये लिहिले आहे की मुलाला मोठ्याने वाचून दाखवताना हीच भाषा कामास आली. आणखी एका सभासदाची नोंद 'पर्व' या कादंबरीच्या प्रतीत आहे. एस. एल. भैरप्पा यांची ही मूळ कन्नड कादंबरी 1979 मध्ये आली आणि उमा कुलकर्णी यांनी ती मराठीत आणली. तिच्यात वर-शाप आणि चमत्कार काढून टाकून महाभारत माणसांच्या पातळीवर सांगितलेले आहे. घरी कन्नड बोलणाऱ्या या वाचकाने लिहिले आहे की मूळ पुस्तक वीस वर्षांपूर्वी वाचले तेव्हा लेखकाने देवत्व हिरावून घेतल्याचे दुःख झाले होते, आता मराठीत वाचताना तेच वाचवणारे वाटले. घरी कन्नड किंवा तेलुगू, बाजारात मराठी, अशा सोलापुरात हा अनुभव अनेकांचा असेल. मात्र दोन भाषांतून वाचलेल्या एकाच पुस्तकाबद्दलची दोन मते एका ओळीखाली एक मांडलेली मी अन्यत्र पाहिलेली नाहीत.

लेखकांविषयीची मते कशी पालटतात, हेही या कागदांवरून कळते. सुहास शिरवळकरांच्या 'दुनियादारी'च्या प्रतीतील जुन्या नोंदी 'छान', 'टाइमपास' अशा एका शब्दाच्या आहेत, कारण रहस्यकथा लिहिणाऱ्याबद्दल गंभीरपणे लिहायचे असते असे त्या काळी कोणास वाटत नव्हते. 2013 मध्ये चित्रपट आल्यावर पुस्तकाला प्रतीक्षायादी लागली आणि नोंदी लांबल्या. ज्यांनी पूर्वी एक शब्द लिहिला होता, त्यांतील दोघांनी पुन्हा पुस्तक नेऊन, चित्रपटापेक्षा पुस्तक कडू आहे आणि ते आपल्या आधी ध्यानात आले नव्हते, असे कबूल केले आहे. वपुंची वाक्ये वहीत उतरवून घेणाऱ्यांच्या नोंदींचा प्रवास याच्या उलट दिशेने झालेला आहे. त्यात मीही येते आणि त्याविषयी अधिक लिहीत नाही.

मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे. 2006 मध्ये सोलापुरात झालेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि जून 2025 मध्ये त्यांचे निधनही सोलापुरातच झाले. त्यानंतरच्या महिन्यात त्यांची येथील सर्व पुस्तके बाहेर गेली होती. निधनानंतरच्या नोंदी बहुधा आदरांजलीच्या असतात आणि त्यांचा वाचक म्हणून फारसा उपयोग होत नाही. 'रानवाटा'च्या प्रतीत मात्र एक नोंद वेगळी आहे. 1997 मध्ये ज्या सभासदाने 'माहिती पुष्कळ, गोष्ट नाही' असे लिहिले होते, त्यानेच आता लिहिले आहे, "नान्नजला माळढोक पाहायला गेलो. दिसला नाही. चार तास बसलो. परत आल्यावर हे पुस्तक उघडले आणि त्यात गोष्ट दिसली." माळावर न दिसलेल्या पक्ष्याने एखाद्या लेखकाविषयीचे अठ्ठावीस वर्षांचे मत फिरवावे, याची नोंद दुसऱ्या कोणत्या कपाटात सापडेल?

आता तक्रार. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'ची येथील प्रत गेल्या वर्षी बांधणीला गेली. 1959 मधील ही कादंबरी, 1960 चे साहित्य अकादमी पारितोषिक आणि मराठीला मिळालेले पहिले ज्ञानपीठ तिच्या नावाशी जोडलेले, त्यामुळे प्रत सतत हातोहाती फिरून खिळखिळी झाली होती आणि बांधणी आवश्यकच होती. बांधणाऱ्याने काम सुबक केले. शिवण घट्ट आहे, कण्यावर कापड आहे, कडा सरळ कापल्या आहेत. परंतु आतले जुने अस्तर फाडून त्याने नवा पांढरा कागद लावला आणि अभिप्रायपत्र त्या अस्तराबरोबर गेले. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात, खळीखाली, जुन्या कागदाची बोटभर पट्टी उरली आहे आणि तिच्यावर कोणाच्या तरी अक्षरातील '…यानी' एवढेच वाचता येते. देवयानीच असणार.

माझी त्या कागदावर 1990 मधील नोंद होती. ही कथा ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने सांगतात. त्या वयात मला देवयानी अहंकारी वाटली होती आणि शर्मिष्ठेसाठी जीव तुटला होता, असे मला आठवते. आज वाचताना देवयानीचे भाग मी सर्वांत सावकाश वाचते, कारण मनाजोगे न मिळालेले माणूस, मग हाती आलेला राजा आणि त्यानेही केलेली फसवणूक यांचा हिशेब ती बाई कडक शब्दांत मांडते आणि तो हिशेब मला चुकीचा वाटत नाही. आता प्रश्न असा आहे की 1990 मध्ये मी खरोखर तिला अहंकारी म्हटले होते, की आजचे मत अधिक उठून दिसावे म्हणून माझी आठवण तसे सांगते? 'मृत्युंजय'च्या बाबतीत असे घडल्याचे मला पुराव्यानिशी माहीत आहे. कर्णाविषयी मला पहिल्यापासूनच शंका होती, असे मी वर्गात अनेक वर्षे सांगत आले आणि 1988 ची नोंद पाहिल्यावर ओशाळले. माणसाचे मत बदलते तेव्हा ते आवाज करत नाही, आणि नवे मत जुन्याच्या जागी अशा सहजतेने बसते की ते तेथे जन्मापासून होते असे वाटू लागते. म्हणूनच त्या कागदाचे जाणे मला एखादे पान फाटण्याहून अधिक लागले.

मी तक्रार केली तेव्हा सूनबाईंनी मनापासून दिलगिरी व्यक्त केली आणि एका महिन्याची वर्गणी घेतली नाही. मला ते 120 रुपये नको होते. थोरल्या मालकांना ही बातमी कळली तेव्हा ते जिना चढून वर आले, जे आता ते सहसा करत नाहीत, त्यांनी प्रत हातात घेऊन पांढऱ्या अस्तरावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सोडवून निघंना झालंय ओ हे." त्यानंतर बांधणीला जाणाऱ्या पुस्तकांच्या अभिप्रायपत्रांची छायाचित्रे मोबाइलवर काढून ठेवण्यास सुरुवात झाली आहे. ही व्यवस्था चांगली असली तरी अपुरी आहे, कारण छायाचित्रे एकाच मोबाइलमध्ये पडून असतात आणि पुस्तक परत आल्यावर त्यांची प्रत काढून आत डकवली जात नाही. मागील महिन्यात मी तीन पुस्तके तपासली. तिन्हींत कोरा कागद होता.

याशिवाय उणिवा आहेतच. गेल्या पाच वर्षांतील नवे मराठी लेखन येथे उशिरा येते. सोलापूरकर असूनही त्र्यं. वि. सरदेशमुख यांची पुस्तके वरच्या फळीवर, शिडीशिवाय हात पोहोचणार नाही अशा जागी आहेत. साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या 'डांगोरा एका नगरीचा' या त्यांच्या कादंबरीच्या अभिप्रायपत्रावर अवघ्या चार नोंदी आहेत आणि त्याला फळीची उंची निश्चितच काही अंशी कारणीभूत आहे. ज्येष्ठ सभासदांसाठी घरपोच सेवा नाही. संगणकावरील नोंदीत पुस्तकाचे नाव आणि परतीची तारीख तेवढी असते. पूर्वीच्या सभासद-पत्रिकेवर आपण आजवर काय काय नेले, हे एका दृष्टिक्षेपात दिसत असे; त्या पत्रिका अद्याप लोखंडी कपाटात आहेत, मागितल्यास दाखवतात, आणि त्यांची रद्दी होऊ नये म्हणून सभासदांनी त्या मधूनमधून मागत राहाव्यात असे मी सुचवीन.

आठवड्याला एक नवे पुस्तक हातावेगळे करून पुढे जाणाऱ्या वाचकाला हे वाचनालय धिमे आणि जुनाट वाटेल. ज्याला एखादे पुस्तक दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा नेण्याची सवय आहे किंवा ती लावून घ्यायची आहे, त्याने अनामत भरावी. सायंकाळी साडेसहानंतर जावे, तेव्हा पत्रा थोडा निवलेला असतो आणि सूनबाईंना बोलायला वेळ असतो. जाताना स्वतःचे पेन न्यावे. टेबलाला दोरीने बांधलेले पेन दिवाळीपासून उमटत नाही आणि 'ययाति'च्या कोऱ्या कागदावर मी तेथे पेन्सिलीने लिहिलेली माझी पहिली ओळ आत्ताच फिकट होऊ लागली आहे.