लॉगिन का फसलं? अपाचे आणि एन्जिनएक्सचे लॉग शेजारी ठेवून

बेसिक ऑथेंटिकेशन (नाव-पासवर्ड विचारायची साधी पद्धत) लावलेल्या सर्व्हरवर ४०१ ('आधी ओळख पटवा' हे उत्तर) दिसलं म्हणजे कोणी घुसायला बघतंय असं नव्हे. ब्राउझर पहिली रिक्वेस्ट बहुधा नाव-पासवर्डाशिवायच पाठवतो आणि ४०१ मिळालं की मग विचारतो. त्यामुळे 'पासवर्ड चुकला' आणि 'पासवर्ड आलाच नाही' हे लॉगमध्ये वेगळं कळायला हवं. अपाचे आणि एन्जिनएक्स या दोन वेब सर्व्हरांतून निवडताना मी मुख्यतः तेवढंच बघितलं.

पासवर्ड चुकला, तर दोघंही चोख. अपाचे लॉगमध्ये एएच०१६१७ या क्रमांकाचा संदेश लिहितो, युजरच सापडला नाही तर एएच०१६१८. एन्जिनएक्स युजर नसेल तर कुठल्या फाइलमध्ये शोधला तेही सांगतो, आणि क्लायंट, होस्ट, रिक्वेस्ट सगळं एकाच ओळीत देतो. वाचायला मला त्याचीच ओळ जास्त आवडते.

रिक्वेस्टमध्ये ऑथरायझेशन हेडरच (नाव-पासवर्ड नेणारी ओळ) नसेल तर लॉगच्या डीफॉल्ट पातळीवर दोघांचेही एरर लॉग गप्प. एन्जिनएक्स ते त्याहून बारीक नोंदींच्या इन्फो पातळीवर लिहितो. त्याच्या जुन्या आवृत्त्या एरर पातळीवर लिहून लॉग भरून टाकायच्या.

माझं घोडं अडलं ते तिसऱ्याच ठिकाणी. एखादी स्क्रिप्ट बेसिकऐवजी बेअरर टोकन (नाव-पासवर्डाच्या जागी दाखवायचा सांकेतिक परवाना) पाठवते. अपाचे काहीही न बदलता एएच०१६१४ लिहून मोकळा होतो: क्लायंटने चुकीची स्कीम (ओळख पटवायची पद्धत) वापरली. एन्जिनएक्स मात्र हे 'नाव-पासवर्ड दिलाच नाही' यातच धरतो. एरर लॉग कोरा, अ‍ॅक्सेस लॉगमध्ये, म्हणजे सगळ्या रिक्वेस्टच्या नोंदवहीत, ४०१ आणि युजरच्या जागी नुसती रेघ. स्क्रिप्टवाला शपथेवर सांगतो की क्रेडेन्शियल पाठवलंय, आणि तो खरंच बोलत असतो. यात माझा जेवढा वेळ गेलाय तेवढा चुकलेल्या पासवर्डांत कधीच गेला नाही.

एन्जिनएक्समध्ये इलाज नाही असं नाही. लॉग फॉरमॅटमध्ये ऑथरायझेशन हेडर घालता येतो, पण तसं कृपया करू नका: त्यातलं नाव-पासवर्ड नुसतं बेस६४ या अक्षररूपात असतं, ते उलगडायला क्षणभरही लागत नाही, आणि पासवर्ड लॉगमध्ये जाऊन बसतो. मॅप (एका मजकुरावरून दुसरा काढायची एन्जिनएक्सची सोय) लावून फक्त स्कीमचं नाव उचललंत तर चालेल. मात्र ते आधीच सुचलेलं असावं लागतं. अडचण आल्यावर मागचा लॉग काही बोलत नाही.

अपाचेत २.४ पासून एकेका मॉड्यूलची लॉग पातळी वेगळी ठेवता येते, तीही हव्या त्या लोकेशनपुरती, म्हणजे साइटवरच्या एखाद्या पत्त्यापुरती. हेडर नसलेल्या रिक्वेस्टही बघायच्या असतील तर ऑथ्झ कोअर (परवानगी तपासणारं मॉड्यूल) डीबग या बारीक नोंदींच्या पातळीवर ठेवा. मंजूर झालेल्या रिक्वेस्टही त्यात उतरतात, म्हणून काम झालं की लगेच बंद करा. एन्जिनएक्सलाही लोकेशनपुरतं इन्फो लावता येतं, पण मग तिथलं बाकीचं सगळं इन्फोही सोबत येतं.

तुमच्याकडे फक्त माणसंच ब्राउझरमधून लॉगिन करत असतील, तर हा फरक कदाचित जाणवणारही नाही. चालू एन्जिनएक्स बदलायचं कारण मला दिसत नाही. स्क्रिप्ट, मॉनिटरिंग, दुसऱ्यांची अ‍ॅप्स जिथे येऊन धडकतात, तिथे मी तरी बेसिक ऑथ अपाचेकडेच ठेवतो.