सी लायब्ररीवरचा पायथन इटरेटर: आधीच कॉपी की एकेक नोंद?
सी लायब्ररीचा कर्सर (एकामागून एक नोंद देणारा तिचा वाचक) पायथनच्या फॉर लूपमध्ये बसवायच्या दोन वाटा आहेत.

सगळ्या नोंदी एकदम लिस्टमध्ये कॉपी करून कर्सर लगेच बंद करायचा, ही सोपी वाट. पुढे मूळ हँडल (सी लायब्ररीत उघडलेल्या गोष्टीकडे नेणारी खूण) बंद झालं तरी बिघडत नाही. नोंदी काही हजार असतील तर मी डोळे झाकून हीच निवडतो. कोट्यवधी असतील तर मेमरी पुरत नाही.

मग इटरेटरच्या प्रत्येक नेक्स्टला (पुढची नोंद मागणाऱ्या कॉलला) एकच नोंद आणायची, आणि खरी जोखीम इथे आहे. इटरेटरने हँडल सांभाळणाऱ्या मूळ पायथन ऑब्जेक्टचा रेफरन्स धरलाच पाहिजे. नाहीतर लूप चालू असतानाच सीची मेमरी मोकळी होते आणि प्रोग्राम बहुधा ट्रेसबॅकही न देता कोसळतो. कोणी हाताने क्लोज केलं तर रेफरन्सही वाचवत नाही, म्हणून दर पावलाला हँडल उघडं आहे का हे तपासून एक्सेप्शन द्यायचं. नोंदी संपल्या की कर्सर एकदाच मोकळा करून पॉइंटर नल करायचा. त्यानंतरच्या प्रत्येक नेक्स्टला स्टॉपइटरेशनच (नोंदी संपल्याचं सांगणारं एक्सेप्शन) मिळावं. ब्रेकने लूप मध्येच सुटला तर सफाईसाठी पायथन ३.४ पासूनचं वीकरेफ मॉड्यूलमधलं फायनलाइज आहे; ऑब्जेक्ट नाहीसा होताना ते ठरवलेलं फंक्शन चालवतं. सीटाइप्स (पायथनमधून सी फंक्शन बोलावणारं मॉड्यूल) सहसा कॉलदरम्यान जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं पायथनचं कुलूप) सोडतं, त्यामुळे दोन थ्रेड एकच इटरेटर वापरणार असतील तर लॉक हवंच.