राणीपुऱ्यातला डॉक्टर सेट : वॉर्डातल्या मुलासाठी घ्यावा का?

इंदूरच्या राणीपुऱ्यात दुकानाबाहेर दोरीला लटकवलेला, पारदर्शक पिशवीतला किंवा लाल सुटकेसमधला प्लास्टिकचा डॉक्टर सेट साधारण दीडशे ते चारशे रुपयांत मिळतो. एमवाय रुग्णालयात किंवा चाचा नेहरू बाल चिकित्सालयात ओळखीतलं मूल अ‍ॅडमिट झालं की भेटायला जाणारे काका-मामा बरेचदा हाच उचलतात. कल्पना अगदी बरोबर आहे, वस्तू मात्र अर्धीच बरोबर. सेट घ्यायचा असेल तर त्यातलं निम्मं सामान घरी काढून ठेवा आणि रिकामी झालेली जागा दवाबाजारातल्या सामानानं भरा.

सेटमध्ये काय असतं? स्टेथोस्कोप, इंजेक्शन, थर्मामीटर, गुडघ्यावर मारायची हातोडी, चिमटा, बिनकाचेचा चष्मा, किडनी ट्रे आणि कान तपासायचा दिवा. आणि वॉर्डातल्या पाच वर्षांच्या मुलाला धास्ती कशाची असते? हाताच्या पाठीवर बसवलेली चिकटपट्टी आणि ती काढताना ओढली जाणारी लव, दंडाला आवळलेला रबरी पट्टा, मनगटाखाली बांधलेली फळी, तोंडावर येणारा नेब्युलायझरचा मास्क, बोटाला लावलेला ऑक्सिजन मोजायचा चिमटा आणि त्याचं ते टुकटुकणारं यंत्र. यातलं एकही सेटमध्ये नाही. हातोडी मात्र हटकून असते. डेंग्यूच्या दिवसांत रोज रक्त काढून घेणाऱ्या मुलाला तिचं काय?

सगळ्यात जास्त निराशा इंजेक्शन करतं. दट्ट्या स्प्रिंगवर असतो, दाबला की परत वर येतो, आत पाणी ओढलं जात नाही. मुलाला तर नेमकं तेच हवं असतं: पाणी स्वतः ओढायचं, बुडबुडा वर घालवायचा, किती हळू सोडायचं ते स्वतः ठरवायचं. दिवसभर इतरांनी केलेलं सहन करणाऱ्याला थोडा वेळ करणाऱ्याच्या जागी बसता यावं, यासाठीच तर हा खेळ. स्टेथोस्कोपचंही तसंच. बहुतेक सेटमधली नळी भरीव असते, ऐकू काहीच येत नाही. खरा, साधा स्टेथोस्कोप दोन-तीनशेत मिळतो आणि स्वतःच्या छातीतले ठोके ऐकू आले की मूल आपोआप बाहुलीचे, आईचे, शेजारच्या पलंगावरच्या आजींचे ठोके ऐकायला निघतं.

घेताना पिशवीवर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून ते खेळण्यांना सक्तीचं आहे, तरी सुट्या मालात बिनचिन्हाचे सेट सर्रास दिसतात. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यानं होते. न दाबता जो तुकडा त्यात पूर्ण मावतो तो घशात अडकण्याच्या धोक्याचा. नळकांडं घरी नसतं, पण दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं. त्याच्याहून लहान, त्याच्याएवढा किंवा जरासा मोठा कुठलाही सुटा भाग लहानग्यापासून लांब ठेवा. दिवा लागणारी, आवाज करणारी उपकरणं तर आम्ही सरळ काढून टाकायला सांगू. त्यांत बटणासारखी बॅटरी असते, झाकणाला बरेचदा स्क्रूही नसतो, आणि अशी बॅटरी गिळली गेली तर दोन तासांतच अन्ननलिका गंभीर भाजू शकते.

आता दवाबाजार. आरएनटी मार्गावरच्या सर्जिकल दुकानांतून एवढं घ्या: ५ आणि १० मिलिलिटरच्या दोन-दोन सिरिंज, २४ नंबरची पिवळी कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवायची मऊ नळी, सिस्टर जिला विगो म्हणतात ती, एक सलाईन सेट, अर्ध्या इंचाच्या मायक्रोपोर चिकटपट्टीचा रोल, ३ इंची बँडेजच्या दोन गुंडाळ्या, मुलांच्या मापाचा नेब्युलायझर मास्क आणि थोडा कापूस. सगळं नवं, पाकीटबंद. वॉर्डातलं वापरलेलं काहीही, अगदी ‘फक्त नळीच आहे’ म्हणूनसुद्धा घेऊ नका. सिरिंज आणि कॅन्युला बहुधा सुईसकट येतात; त्या सुया सामान मुलापर्यंत पोचण्याआधीच सिस्टरकडे द्यायच्या, त्या धारदार वस्तूंच्या डब्यात टाकतील. सलाईन सेटच्या टोकाला सुई जोडलेली असेल तर तीही. टोपण लावून पिशवीत ठेवलेली सुई दुसऱ्या दिवशी हमखास कुणाच्या तरी बोटात जाते. आवळायच्या पट्ट्याऐवजी कापडाची पट्टी पुरते.

बाहुली मात्र विकत घेऊ नका, शिवा. मांजरपाट एक मीटर आणा, धुऊन आटवून घ्या, त्यात साधारण ३५ सेंटिमीटरच्या चार बाहुल्या सहज निघतात. हात रुंद आणि चपटे ठेवा, नाहीतर चिकटपट्टी बसत नाही. आत कापूस भरला तर धुतल्यावर गोळे होतात आणि ओल दिवसभर राहते, म्हणून पॉलिएस्टर फायबर भरा आणि दुहेरी शिवण घाला. चेहरा काढू नका. तो मूल काढेल, आणि हसरा काढतं की डोळ्यांतून पाणी गळणारा, हे बघून पुढे काय बोलायचं ते कळतं. कॅन्युलाची मऊ नळी कापडात घुसत नाही, तेव्हा बाहुलीच्या हाताला घरीच दाभणानं एक भोक पाडून ठेवा. झाबुआची बाहुली दिसायला सुंदर, पण ती शोभेची. दागिने सुटतात, धुता येत नाही, हातापायांत तार असेल तर टोचते. बुधनीची लाकडी लाखेची खेळणी दुसऱ्या कामाला चांगली, मात्र त्यांवर बँडेज बांधायची मजा नाही.

खेळ लावण्यात मोठी माणसं जी चूक करतात ती एकच, आणि तिनं सगळा खर्च वाया जातो. ‘बघ, बाहुली रडते का? किती शहाणी आहे!’ असं एकदा म्हटलं की मूल समजतं, हाही एक धडाच आहे, आणि डबा बंद. त्यापेक्षा सामान पलंगावर पसरा, नावं सांगू नका, पाच-दहा मिनिटं गप्प बसा. मूल जी वस्तू लांब सरकवतं तिच्याकडे लक्ष असू द्या. बाहुलीचं नाव काय, तिला झालंय काय, हे त्यालाच ठरवू द्या. मग हात पुसणं, पट्टा बांधणं, नळी लावणं, चिकटपट्टी, फळी, हा वॉर्डातला क्रम त्याला बहुतेक पाठच असतो. चुकला तर दुरुस्त करायची घाई नको. बाहुलीला वीस वेळा टोचलं तरी टोचू द्या, तिला किंचाळायचं असेल तर किंचाळू द्या. पाण्याचं इंजेक्शन वाटीत सोडायला द्या, बाहुलीत नको. हातच लावायचा नसेल तर डबा मुकाट्यानं खाली ठेवायचा. आणि खेळता खेळता घाबरणं कमी न होता वाढतच गेलं, झोप उडाली, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालायचं. तिथे खेळण्याचं काम संपतं.

झाबुआ-आलिराजपूरकडून सिकल सेल या रक्ताच्या आजारासाठी वारंवार इंदूरला येणाऱ्या भिली बोलणाऱ्या मुलांसोबत या बाहुलीचा फायदा आणखी वाढतो, कारण खेळायला शब्द फारसे लागत नाहीत. त्यांच्यासाठी बर्फाचे, गार पाण्याचे खेळ मात्र टाळा, गारठ्यानं त्यांच्या वेदना उसळू शकतात.

पुढे होणाऱ्या गोष्टीची तयारी म्हणून खेळ लावायचा असेल तर वेळ वयाप्रमाणे धरा. दोन-तीन वर्षांच्या मुलाला ऐनवेळी, अगदी थोडं आधी, चार ते सहाच्या मुलाला त्याच दिवशी, सातच्या पुढच्याला आदल्या दिवशी. चार वर्षांच्या मुलाला दोन दिवस आधी सांगितलं तर ते दोन दिवस भीतच बसतं.

प्रत्यक्ष सुई टोचताना डॉक्टर सेट बाजूला आणि फिरकी किंवा साबणाच्या फुग्यांची बाटली हातात. लांब फुंकर घालताना मूल श्वास रोखून अंग ताठ करत नाही, म्हणून ती उपयोगी. नुसतं लक्ष वळवण्यापुरती नाही. शक्य असेल तिथे आडवं झोपवण्याऐवजी आईच्या मांडीवर, छातीला छाती लावून बसवा, हात आईच्या काखेखालून मागे काढा, सिस्टर मागून काम करतील. आधी त्यांना विचारून घ्या, सगळ्याच तपासण्यांना हे जमत नाही. हातपाय दाबून धरायचं काम आईकडे देऊ नका, तिच्याकडे फक्त कुशीत घ्यायचं काम. एका वेळी एकच आवाज बोलू द्या; बाबा, आजी आणि मावशी एकदम समजावू लागल्या की मुलाला काहीच ऐकू येत नाही. ‘टोचू का?’ असं विचारू नका, कारण ‘नको’ला तिथे किंमत नसते. ‘डावा हात की उजवा? बघणार की डोळे मिटणार?’ हे खरे पर्याय. ‘दुखणार नाही’ हे खोटं एकदाच चालतं. डॉक्टरांच्या सल्ल्यानं त्वचा बधिर करणारं मलम लावायचं असेल, म्हणजे लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी २.५ टक्के, तर ते झाकून साधारण ६० मिनिटं ठेवावं लागतं. दहा मिनिटं आधी लावून ‘काही उपयोग नाही’ म्हणण्यात अर्थ नाही.

‘वॉर्डात खेळणी कशाला?’ हा प्रश्न अजूनही ऐकू येतो. त्याचं उत्तर तसं जुनं आहे. १९५५ साली क्लीव्हलंडच्या सिटी हॉस्पिटलात एमा प्लँक यांनी भरती मुलांसाठी खेळ आणि शिक्षणाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. रुग्णालयातल्या मुलांविषयीच्या १९५९ च्या प्लॅट अहवालानं ब्रिटनमध्ये आई-वडिलांना मुलाजवळ मोकळेपणानं येऊ द्या असं सांगितलं. खेळण्याचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या ३१ व्या कलमात आहे आणि भारत त्या करारात १९९२ सालीच सामील झाला. पण सिस्टरांची खरी हरकत बहुधा तत्त्वाची नसते, स्वच्छतेची असते, आणि ती रास्तच आहे.

म्हणून धुणं. कडक प्लास्टिक आधी साबणाच्या पाण्यानं घासा. मळावर जंतुनाशक ओतून काही होत नाही. मग ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीच, २० मिलिलिटर आणि पाणी ९८० मिलिलिटर, हे ०.१ टक्क्याचं द्रावण होतं. त्यात १० मिनिटं बुडवून ठेवा, स्वच्छ पाण्यानं खळबळा, पूर्ण वाळवा. द्रावण रोज नवं करा आणि त्यात संडास साफ करायचं अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. स्पिरिटनं पुसणं मधल्या वेळेला ठीक, जुलाबाच्या मुलाच्या खेळण्यांना मात्र पुरत नाही, काही जंतू त्याला दाद देत नाहीत. बाहुली एका मुलाची एकच; ती फिरवायची नाही, घरी जाताना त्याच्याबरोबर जाऊ द्यायची. दाबल्यावर पिचकारी मारणारे रबरी बदक वगैरे आणूच नका, आतलं पाणी कधीच पूर्ण निघत नाही आणि तिथे जंतू वाढतात. कॅन्सरवर उपचार चालू असलेल्या मुलाला माती, कणकेचे गोळे, दुसऱ्यानं वापरलेली मऊ खेळणी आणि फुग्यांची सामाईक बाटली, सगळंच बंद. तिथे डॉक्टर सांगतील तेवढंच.

या कसोटीवर सगळ्यात सरस ठरते ती आपली स्टीलची भातुकली. दहा मिनिटं पाण्यात उकळली की काम झालं. हायपोक्लोराइटमध्ये मात्र ती बुडवू नका, स्टीलला डाग आणि खड्डे पडतात. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या मुलापुढे ती मांडायची की नाही, हे त्या मुलाकडे बघून ठरवा.

फक्त पंधरा मिनिटं भेटायला जाणार असाल, शिवायला-धुवायला वेळ नसेल, तर सेटचे पैसे वाचवून खजुरी बाजारातून चित्रांची कोरी वही, मेणाचे खडू आणि स्टिकरचं पान न्या. स्टिकर मुलाच्या हातात द्या, तो सलाईनच्या फळीवर लावेल. आणि रबरी फुगा नेऊ नका: फुटलेला तुकडा घशात अडकतो, शिवाय ज्यांची वारंवार ऑपरेशनं झालीत, विशेषतः जन्मतः पाठीच्या कण्याचा दोष असलेली मुलं, त्यांच्यात लॅटेक्सची अ‍ॅलर्जी जास्त आढळते.