ऑनलाइन घेतलेला हिरा: वेंगुर्ल्यात दहा महिने वापरल्यावर

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून हिऱ्याची अंगठी घ्यायचं ठरलं. सोनं आम्ही कायम आमच्या सोनारकाकांकडेच केलं, पण त्यांच्याकडे हिऱ्याचे तीनच नग होते. म्हणून ऑनलाइन.

निवडायला तीन आठवडे गेले, ते सार्थकी लागले. गोल, २८ सेंट, रंग जी (म्हणजे जवळजवळ रंगहीन), शुद्धता व्हीएस२ (म्हणजे आतले डाग अगदी बारीक), कट एक्सलंट. १०० सेंटचा एक कॅरेट, म्हणजे ०.२ ग्रॅम. ३० किंवा ५० सेंटचा आकडा गाठला की कॅरेटमागे भाव चढतो, म्हणून मुद्दाम २८ वर थांबले. दोन सेंट डोळ्यांना कळत नाहीत. वाचलेले पैसे कटमध्ये घातले, कारण पैलूंचे कोन चुकले तर हिरा कितीही शुद्ध असो, तो मंदच दिसतो.

पार्सल आल्यावर मुलाने पेटी उघडतानाचा व्हिडिओ काढला आणि आम्ही थेट सोनारकाकांकडे गेलो. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली हिऱ्याच्या कडेवर कोरलेला बारीक नंबर दिसला. हिऱ्यांची प्रत तपासणाऱ्या जीआयए या संस्थेच्या रिपोर्टवर तोच, त्यांच्या वेबसाइटवरही तोच. अंगठीच्या आत १८ कॅरेट सोन्याचा ७५० शिक्का आणि सहा अक्षरी एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा नंबर होता, तो बीआयएस केअर या सरकारी अ‍ॅपवर तपासला. सगळं जुळलं. हिऱ्याबद्दल आजही माझी काडीची तक्रार नाही.

तक्रार आहे ती कोंदणाची. दुसऱ्याच महिन्यात सुती साडीच्या पदराचा धागा अडकला आणि हिरा धरणारं एक नख उचललं गेलं. काकांनी अंगठी कानाशी धरून हलवली, हिरा टिकटिक वाजत होता. म्हणाले, "वयनी, हिरो झकास आसा, पण नखां पातळ. चार घातल्यानी, सा व्हयी होती."

परत करायची ३० दिवसांची मुदत संपली होती. दुरुस्ती फुकट, पण विमा असलेलं कुरिअर आमच्या पिनकोडवर येत नाही, म्हणून भर पावसात कुडाळला जाऊन अंगठी द्यावी लागली. २६ दिवसांनी परत आली, तर नखं तेवढीच पातळ, नुसती दाबलेली. याचा मला खरंच राग आला. रिपोर्ट फक्त हिऱ्याबद्दल बोलतो, कोंदणाबद्दल एक अक्षर नाही. ऑर्डर देण्याआधी नखं किती, केवढी जाड हे विचारा आणि अंगठीचा बाजूने काढलेला फोटो मागवा. शेवटी काकांनीच सहा नखांचं नवं कोंदण केलं, मजुरी आमच्या खिशातून.

आणखी एक, खास आपल्याकडचं. हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो. नारळ खवला, बांगडे साफ केले, डोक्याला तेल लावलं, की चार दिवसांत तो काचेसारखा दिसायला लागतो. चतुर्थीला मोदकांचं सारण केलं, तेव्हा कोंदणाच्या खालच्या बाजूला खोबऱ्याचा पांढरा थर बसला होता. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून दहा मिनिटं भिजवायचा आणि मऊ ब्रशने मुख्यतः खालून घासायचा. हे बेसिनमध्ये नको, वाडग्यात करा. आता मी मासे घेऊन बसण्याआधीच अंगठी देवघरातल्या डबीत ठेवते.

लेकीच्या कानांतल्यांसाठी त्याच साइटवरून दोन सुटे हिरे मागवलेत. कोंदण काका करतील.